विश्लेषण : क्लाउडवरच्या जुन्या ‘कंटेनर इमेज’ बिल कसे फुगवतात? कोणत्या ठेवायच्या, कोणत्या काढायच्या?

देवरी (जि. गोंदिया) : मोबाइलवर ‘स्टोरेज फुल’चा इशारा आला की आपण शुभ सकाळचे फोटो पुसायला बसतो. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या छोट्या कंपन्यांना असा इशारा मिळत नाही, कारण क्लाउडवरची जागा कधी भरतच नाही. लागेल तेवढी मिळत राहते आणि महिनाअखेरीस बिल येते. त्या बिलात एक ओळ अशी असते, जी पहिल्या वर्षी कोणी वाचत नाही आणि दुसऱ्या वर्षी वाचल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. ती ओळ जुन्या कंटेनर इमेज साठवण्याच्या भाड्याची. हा कचरा साचतो कसा, तो कमी कसा करायचा आणि साफसफाईच्या उत्साहात चालू सेवाच कशी बंद पडू शकते, याचा आढावा.

देवरीशी याचा संबंध काय?

नागपूर-रायपूर महामार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत असलेले देवरी हे धान पिकवणारे, जंगलाने वेढलेले तालुक्याचे ठिकाण. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथे आहे. हमीभावाने धान विकायचे तर ऑनलाइन नोंदणी, शिष्यवृत्ती हवी तर ऑनलाइन अर्ज, सातबारा हवा तर तोही मोबाइलवर. या प्रत्येक सेवेच्या मागे कुठे तरी सर्व्हर चालू असतो. सरकारी यंत्रणांचे सर्व्हर सरकार बघते. पण तालुक्यातून नागपूर-पुण्याला जाऊन सॉफ्टवेअर शिकलेली मुले आता स्वतःची छोटी कामेही घेऊ लागली आहेत. दुकानाचा हिशेब, शाळेची फी, दवाखान्याची नोंदवही, राइस मिलचा साठा अशी ही कामे असतात. मोठ्या कंपनीला महिन्याचे ४५ हजार रुपये वाया गेले तर कळतही नाही. चार जणांच्या कंपनीत तेवढ्यात एका नवशिक्याचा पगार निघतो.

पुढचे सगळे समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण धरू. समजा, देवरीतल्या तिघा-चौघांनी राइस मिलसाठी एक ॲप बनवले. खरेदी केंद्रावरून किती धान उचलले, क्विंटलमागे ६७ किलोच्या हिशेबाने किती तांदूळ सरकारकडे जमा करायचा, किती बारदाना परत आला, हे सगळे त्यात दिसते. ॲप चालते मुंबईतल्या क्लाउडवर. ॲमेझॉनने २०१६ मध्ये, तर गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपले क्लाउड केंद्र सुरू केले. मायक्रोसॉफ्टचे पुण्यातले केंद्र त्याही आधीचे, २०१५ सालचे. त्यामुळे सर्व्हर सिंगापूरला ठेवण्याची गरज आता उरलेली नाही.

कंटेनर इमेज म्हणजे नेमके काय?

इमेज म्हटले की फोटो आठवतो. इथे फोटोचा काही संबंध नाही. ॲप चालायला नुसता कोड पुरत नाही. तो ज्या संगणकीय भाषेत लिहिला तिची ठरावीक आवृत्ती लागते, जोडीला दहा-वीस लायब्ररी लागतात, खाली लिनक्सचे काही भाग लागतात. हे सगळे एकत्र बांधून केलेला गठ्ठा म्हणजे कंटेनर इमेज. तो कुठल्याही सर्व्हरवर उघडला की ॲप जसेच्या तसे चालते, आणि चालू झालेल्या गठ्ठ्याला कंटेनर म्हणतात. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात डॉकर हे साधन दाखवले, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुळली. ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालत होते’ ही प्रोग्रामर मंडळींची आवडती सबब तिने बरीचशी संपवली.

हा गठ्ठा एकसंध नसतो, थरांचा असतो. तळाला लिनक्स, त्यावर भाषा, त्यावर लायब्ररी आणि सगळ्यात वर आपला कोड. प्रत्येक थराला त्यातल्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक क्रमांक मिळतो. दोन इमेजमध्ये तोच थर असेल तर तो एकदाच साठवला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे बिलाच्या हिशेबात ती पुन्हा येते.

इमेज जिथे ठेवतात त्या कोठाराला रजिस्ट्री म्हणतात. (दुय्यम निबंधक कार्यालयातल्या खरेदीखताशी या रजिस्ट्रीचा संबंध नाही.) ॲमेझॉनची ईसीआर, गुगलची आर्टिफॅक्ट रजिस्ट्री, मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर कंटेनर रजिस्ट्री, सर्वांसाठी खुले असलेले डॉकर हब, ही त्यातली ठळक नावे. इमेज ओळखण्यासाठी तिला नावाची चिठ्ठी लावतात, तिला टॅग म्हणतात. चिठ्ठी काढून दुसऱ्या इमेजला लावता येते, आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

जुन्या इमेज साचतात कशा?

पूर्वी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती महिन्या-दोन महिन्यांनी निघायची. आता कोडमध्ये एक ओळ बदलून ती जमा केली की आपोआप चाचण्या होतात, नवी इमेज तयार होते आणि रजिस्ट्रीत जाऊन बसते. स्पेलिंगची चूक सुधारली तरी एक इमेज. ती सुधारणा चुकली म्हणून मागे घेतली तरी आणखी एक. कामाच्या दिवशी दहा-बारा इमेज तयार होणे यात काही विशेष नाही.

बहुतेक लहान गट ताज्या इमेजला ‘लेटेस्ट’ ही चिठ्ठी लावतात. नवी इमेज आली की चिठ्ठी तिच्याकडे जाते. जुनीचे काय होते? काहीच होत नाही. चिठ्ठी निघालेला धानाचा कट्टा गोदामातून आपोआप नाहीसा होत नाही, तसेच हे. तो तिथेच पडून राहतो, जागा अडवतो आणि गोदामाचे भाडे चालू राहते. फरक एवढाच की धानाची उचल झाली नाही तर गोदाम भरते, पुढच्या हंगामाचे धान उघड्यावर ठेवावे लागते आणि गावभर ओरड होते. क्लाउडचे कोठार भरत नाही, त्यामुळे ओरडही होत नाही.

दुसरे कारण जास्त मानवी आहे. रजिस्ट्री सुरू करताना किती दिवस काय ठेवायचे हे कोणी विचारत नाही आणि नियम लावला नाही तर सगळे कायमचे राहते. नवीन बनवणारा प्रत्येक जण असतो, पुसण्याची जबाबदारी मात्र कोणाच्या नावावर नसते. त्यात भीती वेगळीच. ‘राहू दे, लागली तर?’ असे म्हणत वर्ष निघून जाते.

बिल किती वाढते?

आपल्या राइस मिल ॲपची इमेज ४०० एमबीची आहे असे धरू. त्यातले तळाचे १५० एमबी थर कधी बदलत नाहीत, म्हणून ते एकदाच साठतात. उरलेले २५० एमबी दर वेळी नवे. दिवसाला १२ इमेज, महिन्याचे २५ दिवस काम, म्हणजे महिन्याला ३०० इमेज आणि ७५ जीबी. वर्षअखेरीस ९०० जीबी.

ॲमेझॉनच्या खासगी रजिस्ट्रीचा जाहीर दर महिन्याला जीबीमागे १० सेंट आहे. गुगलचा दरही तेवढाच, पहिला अर्धा जीबी मोफत. मायक्रोसॉफ्टची रीत वेगळी. तिथे दिवसाचे ठरावीक भाडे असते आणि त्यात काही जीबी धरलेले असतात, त्यावरची जागा वेगळी मोजतात. डॉलर ८५ रुपये धरला तर ९०० जीबीचे महिन्याचे ९० डॉलर म्हणजे ७,६५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी मिळवला की ९,०२७. पहिल्या महिन्यापासूनची बेरीज केली तर वर्षात सुमारे ५४० डॉलर, कर धरून ५४ हजार रुपये. आणि हे एका सेवेचे. ॲप वाढले की त्याचे भाग पडतात. लॉगिनचा एक, हिशेबाचा एक, अहवालांचा एक, संदेश पाठवणारा एक. पाच भाग झाले तर वर्षअखेरीस हीच ओळ महिन्याला ४५ हजारांवर जाते.

आता याच ॲपच्या फक्त शेवटच्या ३० इमेज ठेवल्या तर? साडेसात जीबी. महिन्याचे ७५ सेंट, कर धरून ७५ रुपये.

भाड्याशिवाय छुपे खर्चही असतात. सुरक्षा तपासणीची सेवा घेतली असेल तर ती बहुधा इमेजच्या संख्येवर पैसे लावते. मुंबईची रजिस्ट्री दुसऱ्या देशातल्या केंद्रात जशीच्या तशी उतरवून ठेवायची असेल तर सगळा कचराही तिकडे जातो, वाहतुकीचे पैसे देऊन.

डॉकर हबला हिशेब कधी परवडेनासा झाला?

ही अडचण लहानांचीच आहे असे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये डॉकर कंपनीने स्वतःच्या कोठाराचे आकडे जाहीर केले. डॉकर हबवर १५ पेटाबाइटहून अधिक माल होता. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. त्यातला १० पेटाबाइटहून अधिक माल सहा महिन्यांत कोणी ना चढवला होता, ना उतरवला होता. म्हणजे कोठारातले दोन तृतीयांश पोते पडूनच होते. यापैकी साडेचार पेटाबाइटहून अधिक इमेज फुकट खात्यांच्या होत्या. कंपनीने ठरवले की फुकट खात्यांतल्या सहा महिने न वापरलेल्या इमेज १ नोव्हेंबर २०२० पासून काढून टाकायच्या.

गदारोळ झाला. मुक्त सॉफ्टवेअरवाले चिडले, त्याहून जास्त संशोधक चिडले. शोधनिबंधासोबत दिलेली इमेज दोन-दोन वर्षे कोणी उतरवत नाही, पण तिसऱ्या वर्षी कोणाला तो प्रयोग पडताळायचा असेल तर तीच इमेज लागते. ‘कोणी वापरत नाही’ आणि ‘कोणाच्या कामाची नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. ऑक्टोबरमध्ये कंपनीने निर्णय पुढे ढकलला. त्याऐवजी त्या नोव्हेंबरपासून उतरवण्यावर मर्यादा आल्या. खाते नसलेल्याला सहा तासांत १००, फुकट खातेधारकाला २०० वेळा इमेज उतरवता येईल, असा तो नियम. साठवणुकीचा भार कमी करता आला नाही, म्हणून वर्दळीवर नाका बसवला.

या प्रकरणातला धडा साफसफाई करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे, कारण नेमकी हीच चूक लहान कंपन्यांत रोज होते.

सर्वात मोठा धोका कोणता?

बिल पाहून घाबरलेला माणूस बहुधा सोपा नियम लावतो : ९० दिवसांपेक्षा जुन्या इमेज काढून टाका. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. आपल्या राइस मिल ॲपला तो लावून पाहू.

रब्बीची धान खरेदी मे-जूनमध्ये चालते. त्या वेळी ॲपमध्ये शेवटची दुरुस्ती झाली, ती इमेज जूनमध्ये रजिस्ट्रीत गेली. ॲप नीट चालू लागले, म्हणून पुढे त्याला कोणी हात लावला नाही. चांगल्या सॉफ्टवेअरचे तेच लक्षण. सप्टेंबरमध्ये ९० दिवस भरले आणि नियमाने ती इमेज पुसली. ॲप तरीही चालू राहिले, कारण सर्व्हरने इमेजची एक प्रत स्वतःकडे उतरवून ठेवलेली असते. कोणाला काही कळले नाही. बिल कमी झाले, सगळे खूश.

नोव्हेंबरमध्ये खरिपाची खरेदी सुरू होते. केंद्रांवर गर्दी, मिलवाल्यांच्या ट्रकच्या रांगा, ॲपवरचा ताण दहा पट. अशा वेळी क्लाउड आपोआप दुसरा सर्व्हर जोडतो. नव्या सर्व्हरकडे इमेजची प्रत नसते, तो रजिस्ट्रीकडे मागतो, रजिस्ट्री म्हणते अशी इमेजच नाही. पडद्यावर ‘इमेज-पुल-बॅक-ऑफ’ असा शेरा येतो. जुना सर्व्हर एकटा धापा टाकत राहतो. तेवढ्यात तो बंद पडून त्याच्या जागी नवा आला तर ॲप संपूर्ण बंद. मागच्या आवृत्तीवर जावे तर ती याहून जुनी, म्हणून आधीच पुसलेली. महिन्याला काही हजार वाचवले आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ग्राहक गमावला.

मग वयाऐवजी संख्येचा नियम लावावा का? शेवटच्या दहा ठेवा, बाकी काढा? त्यातही फट आहे. एखाद्या दिवशी बग सापडत नाही, प्रोग्रामर इरेला पेटतो आणि संध्याकाळपर्यंत बारा प्रयोग करतो. शेवटच्या दहाही इमेज त्या दिवशीच्या अर्धवट प्रयोगांच्याच. ग्राहकाकडे चालू असलेली इमेज तेरावी, तीच गेली.

मुळात रजिस्ट्रीचा नियम बहुधा दोनच गोष्टी बघतो, इमेज कधी चढवली आणि तिच्यावर कोणती चिठ्ठी आहे. ती इमेज या क्षणी कुठे चालू आहे का, हे त्याला माहीत नसते. ते आपण सांगायचे असते.

ते कसे सांगायचे?

चिठ्ठ्यांतूनच. सगळ्यांना ‘लेटेस्ट’ म्हणणे आधी बंद करावे. प्रयोगाच्या इमेजला ‘डेव्ह’ने सुरू होणारे नाव, चाचणीच्या इमेजला ‘टेस्ट’ने सुरू होणारे, आणि ग्राहकाकडे गेलेल्या इमेजला त्याच क्षणी ‘प्रॉड’ने सुरू होणारी आणखी एक चिठ्ठी. एका इमेजला अनेक चिठ्ठ्या लावता येतात, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

एवढे झाले की नियम लिहिणे अर्ध्या तासाचे काम. ॲमेझॉनने ही सोय २०१७ पासून दिली आहे, तिला लाइफसायकल पॉलिसी म्हणतात. नियमांना प्राधान्यक्रम असतो. वरच्या क्रमांकाच्या नियमात चिठ्ठीने बसणारी इमेज खालच्या नियमाला काढता येत नाही. म्हणून पहिला नियम ‘प्रॉड’चा लिहावा आणि तो सढळ ठेवावा, उदाहरणार्थ शेवटच्या ५०. खालच्या नियमांत हात आखडता घ्यावा. चिठ्ठी नसलेल्या इमेज सात दिवसांनी, ‘डेव्ह’च्या चौदा दिवसांनी, ‘टेस्ट’च्या शेवटच्या दहा सोडून बाकी. गुगलकडे ‘ठेवा’ आणि ‘काढा’ असे दोन प्रकारचे नियम असतात आणि दोहोंत बसणाऱ्या इमेजबाबत ‘ठेवा’ जिंकतो. आम्हाला हीच रचना जास्त समंजस वाटते. चुकला तर नियम ठेवण्याच्या बाजूने चुकतो.

किती ठेवायच्या हा आकडा पुस्तकातून घेऊ नये. आपल्या ग्राहकाचा हंगाम किती दिवसांचा, अडचण आली तर आपण किती आवृत्त्या मागे जातो, यावरून तो काढावा. धानाशी जोडलेल्या सेवेला दोन हंगाम मागचे म्हणजे किमान एक वर्षाचे ‘प्रॉड’ हवेच. लग्नाच्या पत्रिका छापणाऱ्या ॲपचा हिशेब वेगळा निघेल.

नियम लागू करण्याआधी कोरडी तालीम करता येते, तिला ड्राय रन म्हणतात. काय काय पुसले जाईल याची यादी मिळते, प्रत्यक्षात काही पुसले जात नाही. ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट तिघांकडे ही सोय या ना त्या रूपात आहे, हार्बर या मुक्त रजिस्ट्रीतही आहे. यादी आली की चालू सर्व्हरवरच्या इमेजची यादी काढून दोन्ही शेजारी ठेवावी. एकही नाव दोन्हीकडे दिसले तर नियम चुकला. हे काम एक्सेलमध्येही होते, त्याला मोठे साधन लागत नाही.

एक सूचना स्वतः स्क्रिप्ट लिहून साफसफाई करणाऱ्यांसाठी. आजकाल एकच इमेज दोन प्रकारच्या प्रोसेसरसाठी तयार करतात, इंटेल आणि आर्म. अशा वेळी चिठ्ठी वरच्या अनुक्रमणिकेला असते आणि तिच्या पोटातल्या दोन इमेज बिनचिठ्ठीच्या दिसतात. ‘चिठ्ठी नाही ते सगळे काढा’ असे सांगणारी भाबडी स्क्रिप्ट त्या पोटातल्या इमेज उडवते. वरचे नाव शाबूत दिसते, उतरवायला गेले की आत काही नसते. कंपनीने दिलेली नियमांची सोय वापरली तर ही भानगड सहसा होत नाही.

पुसले तरी जागा का सुटत नाही?

थरांमुळे. रजिस्ट्रीच्या पडद्यावर शंभर इमेज आणि प्रत्येकीपुढे ४०० एमबी लिहिलेले दिसते. पन्नास काढल्या की २० जीबी सुटतील असे वाटते. पण तळाचा १५० एमबीचा थर उरलेल्या पन्नास इमेजही वापरत असतात, तो जात नाही. सुटतात फक्त त्या पन्नासांचे स्वतःचे थर, म्हणजे साडेबारा जीबी. म्हणून ‘किती वाचले’ हे पडद्यावर मोजू नये, पुढच्या बिलावर बघावे.

खर्च टाळण्यासाठी ज्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर रजिस्ट्री बसवली आहे त्यांच्यासाठी आणखी एक पायरी असते. तिथे इमेज पुसणे म्हणजे वहीतली नोंद खोडणे. डिस्कवरचा माल उचलायला ‘गार्बेज कलेक्शन’ वेगळे चालवावे लागते. डॉकरच्या मूळ रजिस्ट्रीत ते चालू असताना नवी इमेज चढवू देऊ नये, नाही तर नुकतेच आलेले थरही कचऱ्यात जाऊ शकतात. रात्री रजिस्ट्री ‘फक्त वाचन’ स्थितीत ठेवून हे काम उरकणे बरे.

सर्व्हरवरच्या प्रतींचे काय, असा प्रश्न येईल. कुबरनेटीस वापरणाऱ्यांना त्याची फार चिंता नको. डिस्क ८५ टक्के भरली की ते न वापरातल्या इमेज आपणहून काढू लागते आणि ८० टक्क्यांवर आले की थांबते. स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र ‘डॉकर सिस्टम प्रून’ हा हुकूम अधूनमधून द्यावा लागतो. अनेकांच्या लॅपटॉपची डिस्क सिनेमांनी नाही, या इमेजनी भरलेली असते.

इमेजच लहान करता येते का?

येते, आणि देवरीत बसून काम करणाऱ्याला त्याचा फायदा आधी बिलात नाही, डेटा पॅकमध्ये दिसतो. दिवसाला दीड-दोन जीबीचा रिचार्ज, हॉटस्पॉटवर जोडलेला लॅपटॉप आणि उतरवायची इमेज एक जीबीची. एकदा उतरवली की दिवसभराचे नेट संपले.

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे ओळींचा क्रम बदलणे. इमेज ज्या कृतीवरून बनते त्या डॉकरफाइलमध्ये अनेक जण आधी सगळा कोड आत घेतात आणि मग लायब्ररी बसवतात. थरांचा नियम असा की खालचा थर बदलला की त्यावरचे सगळे नव्याने बनतात. त्यामुळे कोडमध्ये एक अक्षर बदलले तरी सगळ्या लायब्ररींचा थर पुन्हा तयार होतो, पुन्हा साठतो. आधी लायब्ररींची यादी आत घेऊन त्या बसवल्या आणि कोड शेवटी घेतला, की दर वेळी फक्त कोडचा थर नवा होतो. आपल्या उदाहरणात २५० एमबीचे २० एमबी होतील असे धरा. मग काही न पुसताही वर्षाचा साठा ९०० जीबीऐवजी ७२ जीबी होतो आणि महिन्याचे बिल नऊ हजारांवरून सव्वासातशेच्या आसपास येते. दोन ओळींची अदलाबदल!

दुसरा उपाय २०१७ मध्ये डॉकरने आणलेल्या ‘मल्टी स्टेज’ पद्धतीचा. ॲप तयार करायला लागणारी अवजारे वेगळ्या टप्प्यात वापरायची आणि शेवटच्या इमेजमध्ये फक्त तयार माल घ्यायचा. भात शिजल्यावर पातेले ताटात वाढत नाहीत, तसेच. तळाला अल्पाइनसारखे काही एमबींचे लिनक्स घेतले तर गठ्ठा आणखी हलका होतो, पण काही लायब्ररी त्यावर अडतात, म्हणून आधी चाचणी करून पाहावी.

जुन्या इमेज धोकादायक असतात का?

काही असतात. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली. त्याआधी बनलेल्या हजारो इमेजमध्ये ती तशीच बंद आहे. चुकून अशी जुनी इमेज कोणी पुन्हा चालू केली तर दार उघडेच. काहींच्या थरांत डेटाबेसचे पासवर्डही राहून गेलेले असतात. वरच्या थरात फाइल पुसली तरी खालच्या थरात ती असते. अशी इमेज सापडली तर ती पुसणे पुरेसे नाही, पासवर्डही त्याच दिवशी बदलावा.

उलट बाजूही आहे. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संगणकीय यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. त्या निर्देशांतली ही अट लॉगची आहे, इमेजची नाही. पण चार महिन्यांपूर्वी काय घडले याचा शोध घेताना लॉग हाती आहेत आणि त्या दिवशी चालू असलेली इमेजच नाही, तर तपास अर्ध्यावर अडतो. ‘प्रॉड’च्या इमेज निदान तेवढे दिवस तरी ठेवाव्यात, हे व्यवहाराला धरून आहे.

पुसलेली इमेज परत मिळते का?

नियमाने गेलेली इमेज परत आणायची सोय प्रत्येक रजिस्ट्रीत असेलच असे नाही. मायक्रोसॉफ्टने पुसलेली इमेज काही दिवस बाजूला ठेवण्याची सोय दिली आहे, पण ती आधी सुरू करावी लागते. इतरत्र पुसले ते पुसले असेच धरून चालावे.

मग कोडवरून पुन्हा बनवता येईलच की, असे प्रोग्रामर म्हणतो. बनवता येते, पण तीच बनेल याची खात्री नसते. मधल्या काळात लायब्ररींच्या नव्या आवृत्त्या आलेल्या असतात, तळाचे लिनक्स बदललेले असते. कृतीत ‘ताजी आवृत्ती घ्या’ असे लिहिले असेल तर आज ती वेगळीच येते. म्हणून लायब्ररींचे नेमके आवृत्ती क्रमांक नोंदवणारी लॉक फाइल कोडसोबत जपावी आणि तळाची इमेज नावाने नव्हे, तिच्या त्या लांबलचक क्रमांकाने मागवावी. एखाद्या शांत महिन्यात, हंगाम नसताना, सहा महिन्यांपूर्वीची आवृत्ती कोडवरून नव्याने बनवून ती चालते का हे एकदा करून बघावे. ती चालली तर ‘प्रॉड’चा ५०चा आकडा २०वर आणायला हरकत नाही.